मागावरच्या लेट-ऑफ मोटरचं गणिती मॉडेल मोजमापांवरून कसं काढायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात जुन्या रेपिअर मागाच्या पाइल बीमला (टॉवेलावरच्या फासांचं सूत गुंडाळलेला रूळ) इलेक्ट्रॉनिक लेट-ऑफ (ते सूत मोजून सोडणारी यंत्रणा) बसवण्याचं काम चाललंय. मोटर २४ व्होल्टची, ब्रशची, कायम चुंबकाची डीसी. पुढे वर्म गिअरबॉक्स, एकूण रिडक्शन २००, म्हणजे मोटरच्या २०० फेऱ्यांना बीमचा एक फेरा. मोटरच्या मागे १००० लाइनचा एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा सेन्सर). टेबलावर मोटर-गिअरबॉक्सला थेट २४ व्होल्टची स्टेप (एकदम चढवलेलं व्होल्टेज) दिली, दर मिलिसेकंदाला वेग नोंदवला, मॅटलॅब सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बसवलं आणि ९७ टक्के फिट (मॉडेल आणि मोजमाप यांचा मेळ) आला. त्यावरून पीआय कंट्रोलर (आत्ताची चूक आणि चुकांची साठलेली बेरीज यांवरून व्होल्टेज ठरवणारा) काढला. मागावर चढवल्यावर मात्र मोटर अडखळत, झटके देत चालते. बीम संपत आलेला असताना ट्यूनिंग करून कसंबसं जमवलं, तर भरलेला बीम लावल्याबरोबर धाग्यांचा ताण वरखाली झुलायला लागतो. आता मॉडेलची ऑर्डर (समीकरणातल्या पदांची संख्या) वाढवावी, की सरळ न्यूरल नेटवर्क शिकवावं?

माझं उत्तर: सध्या दोन्ही नको. तुमच्या मॉडेलात पदं कमी पडलेली नाहीत. मोटर ज्या वेगाला कामाच्या दिवसात कधीच जाणार नाही, त्या वेगाला तुम्ही ती मोजली आहे. ऑर्डर वाढवलीत तर त्याच चुकीच्या जागेचं आणखी बारीक चित्र मिळेल.

आधी एवढा हिशेब करून बघा. माग मिनिटाला ३०० पिक (आडवे धागे) टाकतोय आणि टॉवेलात सेंटिमीटरला २० पिक आहेत असं धरू. म्हणजे कापड मिनिटाला १५ सेंटिमीटर पुढे सरकतं. पाइलचं सूत कापडाच्या लांबीच्या चौपट जातं असं धरलं तर मिनिटाला ६० सेंटिमीटर सूत बीमवरून सुटायला हवं. भरलेल्या बीमची त्रिज्या ४० सेंटिमीटर असेल तर घेर होतो अडीच मीटर. बीम मिनिटाला पाव फेराही पुरता करत नाही. २०० ने गुणा, मोटरचा वेग येतो सुमारे ४८ आरपीएम. बीम उतरत उतरत १० सेंटिमीटर त्रिज्येवर आला की तोच वेग १९० आरपीएमच्या आसपास जातो. म्हणजे मोटरचं सगळं आयुष्य ५० ते २०० आरपीएममध्ये जाणार, आणि टेबलावर तुम्ही तिला ३००० आरपीएमपर्यंत नेऊन मोजलं.

यानं काय बिघडतं ते आकड्यांत दिसतं. या आकाराच्या मोटरचा रोध समजा ०.८ ओहम आहे, बॅक-ईएमएफचा (फिरणारी मोटर स्वतःच उलट तयार करते ते व्होल्टेज) स्थिरांक दर रेडियन/सेकंद वेगाला ०.०७ व्होल्ट, आणि गिअरबॉक्ससकट कोरडं (वेगाबरोबर न बदलणारं) घर्षण ०.१ न्यूटन-मीटर. एसआय एककांत टॉर्कचा स्थिरांकही तोच ०.०७ येतो. त्यामुळे हे घर्षण ओढायला १.४ अँपिअर लागतात, आणि ते ०.८ ओहममधून ढकलायला १.१ व्होल्ट. ३००० आरपीएमला बॅक-ईएमएफ २२ व्होल्ट असते. त्यापुढे हे १.१ व्होल्ट म्हणजे पाच टक्के, सहज दुर्लक्ष होण्यासारखे. पण ४८ आरपीएमला बॅक-ईएमएफ फक्त ०.३५ व्होल्ट. तिथे घर्षणच तिप्पट मोठं आहे. टेबलावर जी गोष्ट किरकोळ म्हणून सोडून दिली तीच मागावर मालक होऊन बसते. संथ वेगातले तुमचे झटके इथूनच येतात: पीआयमधला इंटिग्रेटर (चूक साठवत जाणारा भाग) हळूहळू व्होल्टेज चढवत राहतो, मोटर चिकटून बसलेली असते, एकदम सुटते, पुढे जाते आणि पुन्हा चिकटते. रेषीय मॉडेलची ऑर्डर दहा केली तरी त्यात हे वागणं उमटणार नाही, कारण ते रेषीय नाहीच.

आता त्या ९७ टक्क्यांबद्दल. मॅटलॅबच्या अहवालात फिटच्या आकड्याशेजारी ‘प्रेडिक्शन फोकस’ असं लिहिलंय का, ते पाहा. लिहिलं असेल तर तो आकडा एक पाऊल पुढच्या अंदाजाचा आहे: आत्तापर्यंतचे मोजलेले वेग मॉडेलला आयते दिलेले असतात आणि त्याने फक्त पुढच्या मिलिसेकंदाचा वेग सांगायचा असतो. तुमच्या मोटरचा टाइम कॉन्स्टंट (स्टेपनंतर शेवटच्या वेगाच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला लागणारा वेळ) ५० मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर एका मिलिसेकंदात वेग स्टेपच्या दोन टक्क्यांहून जास्त बदलूच शकत नाही. ‘पुढचा वेग मागच्या वेगाइतकाच’ एवढंच सांगणारं, व्होल्टेजकडे ढुंकूनही न बघणारं मॉडेलसुद्धा इथे नव्वदीच्या वर गुण मिळवतं. ते करून बघाच, दोन ओळींचं काम आहे. तुमचं मॉडेल त्याच्यापेक्षा कितीने पुढे आहे, तेवढाच त्या फिटचा अर्थ.

खरी परीक्षा सिम्युलेशनची. मॉडेलला फक्त व्होल्टेजची नोंद द्या, मोजलेला वेग अजिबात दाखवू नका, सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याला एकट्याने चालू द्या आणि मग मोजलेल्याशी जुळवा. शिवाय ही नोंद मॉडेल काढताना न वापरलेली हवी. दुसऱ्या वेळी, शक्यतो दुसऱ्या दिवशी घेतलेली. या परीक्षेत ८० टक्के मिळवणारं मॉडेल मला पहिल्या परीक्षेतल्या ९७ टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त कामाचं वाटतं.

सॅम्पलिंग वेळेचंही (किती वेळाने एक नमुना घ्यायचा) इथेच सांगतो, कारण ‘जितकं जलद तितकं चांगलं’ हा समज फार पसरलाय. ५० मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट आणि १ मिलिसेकंदाचं सॅम्पलिंग म्हणजे डिस्क्रीट (नमुन्यागणिक चालणाऱ्या) मॉडेलचा पोल, म्हणजे मागच्या नमुन्याचा किती भाग पुढच्यात उरतो तो आकडा, ०.९८० वर येतो. अंदाजात थोडी चूक होऊन तो ०.९८५ आला तर टाइम कॉन्स्टंट होतो ६६ मिलिसेकंद. तिसऱ्या दशांश स्थानातल्या पाचाने उत्तर एक तृतीयांशाने फिरलं. तेच सॅम्पलिंग ५ मिलिसेकंदांचं ठेवलं तर पोल ०.९०५ च्या जवळ असतो, आणि तेवढीच चूक होऊन तो ०.९१० झाला तरी टाइम कॉन्स्टंट ५३ येतो. माझा रिवाज असा: नोंद हवी तितकी जलद घ्या, पण मॉडेल बसवताना टाइम कॉन्स्टंटच्या साधारण दहाव्या भागावर आणा, आणि मधले नमुने नुसते गाळून न टाकता आधी फिल्टर लावा. व्होल्टेज, प्रवाह, वेग या तिन्हींना एकच फिल्टर. एकाला लावला आणि दुसऱ्याला नाही, तर फिल्टरचा उशीर मोटरच्या नावावर जमा होतो.

एन्कोडरची गोष्ट याहून गंभीर आहे. १००० लाइन म्हणजे चारही कडा धरून फेऱ्याला ४००० काउंट. दर मिलिसेकंदाला काउंट मोजून वेग काढलात तर एक काउंट म्हणजे १५ आरपीएम. तुमची मोटर भरलेल्या बीमवर ४८ ने फिरते, म्हणजे मिलिसेकंदाला सव्वातीन काउंट. नोंदीत दिसणार ४५, ४५, ६०, ४५, ४५, ४५, ६०. प्रत्यक्षात वेग एकसारखा आहे, हे चढउतार मोजणीचे आहेत. हा आवाज (नॉइज, मोजमापातला गोंधळ) साध्या लीस्ट स्क्वेअर्सला (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणारी रीत) दिला की फक्त पसारा वाढत नाही, उत्तर एका बाजूला सरकतं. कारण एआरएक्स पद्धतीत (पुढचा वेग मागचे वेग आणि व्होल्टेज यांवरून मांडायची रीत) मागचे मोजलेले वेग समीकरणाच्या उजव्या बाजूलाही येतात, आणि त्यातली चूक पोलला शून्याकडे खेचते. मोटर आहे त्यापेक्षा चपळ भासते. नोंद दुप्पट लांब घेतल्याने ही चूक जात नाही.

उपाय असा की वेग काढूच नका. कच्चे काउंट ठेवा, म्हणजे शाफ्टचं स्थान. मॉडेलकडून स्थान सिम्युलेट करून घ्या आणि ते मोजलेल्या काउंटशी जुळेपर्यंत पॅरामीटर फिरवा. स्थानातली चूक एका काउंटच्या आत राहते आणि ती साठत नाही. पायथॉनमध्ये समीकरणं सोडवणारं फंक्शन आणि लीस्ट स्क्वेअर्सचा ऑप्टिमायझर एवढ्यावर हे होतं. ऑप्टिमायझरला सुरुवातीचे आकडे मात्र चांगले द्यावे लागतात, आणि ते कुठून आणायचे हे पुढे आलंच.

व्होल्टेजकडेही तितक्याच संशयाने बघा. तुम्ही नोंदवलेलं बहुधा पीडब्ल्यूएमचं ड्यूटी (व्होल्टेज भराभर चालू-बंद करताना चालू वेळेचं प्रमाण) आहे, मोटरच्या टोकांवरचं व्होल्टेज नव्हे. कामाच्या वेगाला, समजा १०० आरपीएमला, मोटरला साधारण १.९ व्होल्ट लागतात. २४ व्होल्टच्या बसवर (ड्रायव्हरच्या पुरवठ्यावर) हे आठ टक्के ड्यूटी. ड्रायव्हरमधला डेड टाइम (स्विच बदलताना दोन्ही बंद राहण्याचा वेळ) एक मायक्रोसेकंद आणि स्विचिंग २० किलोहर्ट्झ असेल तर जवळजवळ अर्धा व्होल्ट तिथेच जातो. १.९ मधला अर्धा व्होल्ट! कॉलेजच्या प्रयोगशाळेत एल२९८ ही ड्रायव्हर चिप वापरतात, त्यात तर एका अँपिअरलाच दोन-तीन व्होल्ट पडतात. म्हणून मोटरच्या टोकांवर साधा आरसी फिल्टर लावून सरासरी व्होल्टेज मोजा, आणि सोबत बसचं व्होल्टेजही.

तुमच्या २४ व्होल्टच्या स्टेपबद्दल मला आणखी एक शंका आहे. उभ्या मोटरला २४ व्होल्ट लावले तर पहिल्या क्षणी प्रवाह जाऊ पाहतो ३० अँपिअरवर. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) १० अँपिअरची असेल तर ती मर्यादेत जाते आणि व्होल्टेज खाली बसतं. मग मोटरला स्टेप मिळतच नाही, ठरावीक प्रवाह मिळतो. आलेखात हे ओळखता येतं: वेग सुरुवातीपासून वाकत जाण्याऐवजी बराच वेळ सरळ रेषेत चढतो आणि मग वाकतो. वर दिलेल्या आकड्यांना जडत्व ०.०००३ किलोग्रॅम-चौरस मीटर धरलं तर खरा टाइम कॉन्स्टंट ४९ मिलिसेकंद आहे. पण १० अँपिअरच्या मर्यादेत ६३ टक्के वेग गाठायला १०० मिलिसेकंद लागतात. स्टेपच्या आलेखावर पट्टी ठेवून ६३ टक्क्यांचा बिंदू वाचला तर उत्तर दुप्पट. तुमच्याकडची जुनी नोंद उघडून पहिले शंभर मिलिसेकंद बघा.

आता करायचं काय ते सांगतो. सुरुवात संगणकाशिवाय करायची.

मोटर गिअरबॉक्सपासून सोडवा. रोध मोजायला मल्टिमीटरच्या ओहमवर जाऊ नका. प्रोबच्या वायरीच पाव ओहम दाखवतात आणि ब्रशचा स्पर्श इतक्या कमी प्रवाहाला भरवशाचा नसतो. शाफ्ट व्हाइसमध्ये पक्का धरा, प्रवाहमर्यादा असलेल्या पॉवर सप्लायमधून तीन अँपिअर सोडा, मोटरच्या टोकांवर थेट व्होल्ट वाचा, भागाकार करा. वाइंडिंग तापायच्या आत वाचायचं. मग शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा. ब्रश कम्युटेटरच्या कुठल्या पट्टीवर आहे त्यानुसार आकडा हलतो, म्हणून पाच-सहा जागांची सरासरी घ्या.

बॅक-ईएमएफचा स्थिरांक काढायला शेजारच्या वर्कशॉपमधला लेथ पुरतो. शाफ्ट चकमध्ये धरा, बॉडी फिरणार नाही अशी अडवा, लेथ फिरवा आणि मोटरची उघडी टोकं डीसी व्होल्टमीटरला जोडा. स्पिंडलचा खरा वेग टॅकोमीटरने वाचा, लेथवर लिहिलेल्या वेगावर विसंबू नका. १००० आरपीएमला ७.३ व्होल्ट आले तर स्थिरांक ०.०७. या मोजमापात प्रवाहच नाही, त्यामुळे रोध, ब्रश, घर्षण कोणीच मध्ये येत नाही. सगळ्या चाचण्यांतली ही सगळ्यात स्वच्छ. हा आकडा मिळाला की पुढे ऑप्टिमायझरला त्याला हात लावू देऊ नका.

गिअरबॉक्स परत जोडा. आता घर्षण. ३०, ५०, ८०, १२०, २०० आरपीएम अशा स्थिर वेगांना चालवून प्रत्येक ठिकाणी सरासरी प्रवाह नोंदवा, दोन्ही दिशांना. प्रवाह गुणिले ०.०७ म्हणजे टॉर्क. तो वेगासमोर मांडला की रेषेचा चढ स्निग्ध (वेगाबरोबर वाढणारं) घर्षण देतो आणि वेग शून्याला जाताना जिथे रेषा अक्षाला भिडते ते कोरडं घर्षण. ३०-५० आरपीएमकडचे बिंदू रेषेच्या वर उचललेले दिसले तर नवल नाही. तो स्ट्रिबेकचा भाग आहे: वेग कमी होताना वंगणाचा थर पातळ होतो आणि घर्षण उलट वाढतं. तुमच्या झटक्यांचं मूळ तिथे आहे. ते मॉडेलात घ्यायलाच हवं, निदान स्थिर आणि चल घर्षणाचे दोन वेगळे आकडे तरी.

जडत्वासाठी मोटर वेगात फिरवून टोकं उघडी सोडा आणि आपोआप थांबू द्या. प्रवाह शून्य, म्हणजे थांबवणारं फक्त घर्षण, आणि ते तर आत्ताच मोजलंय. वेग किती झपाट्याने उतरतो त्यावरून जडत्व निघतं. इंडक्टन्ससाठी फार झिजू नका. एक मिलिहेन्री असेल तर विद्युत टाइम कॉन्स्टंट सव्वा मिलिसेकंद, यांत्रिकच्या चाळिसाव्या भागाइतका. ताणाच्या लूपसाठी (ताण मोजून मोटर सुधारत राहणारं चक्र) तो सोडून दिला तरी चालतो. करंट लूप स्वतः लिहिणार असाल तरच त्याच्या मागे लागा, आणि तिथे डिजिटल कंट्रोलरचा दीड सॅम्पलचा उशीरही धरा.

एवढं झालं की ऑप्टिमायझरला द्यायला चांगले सुरुवातीचे आकडे हातात आहेत. आता उत्तेजन, म्हणजे मोजताना मोटरला द्यायचा सिग्नल. एकटी स्टेप गरीब असते. ती गेन (व्होल्टला किती वेग मिळतो) नीट सांगते, बाकी कमी. सुडो-रँडम बायनरी सिग्नल (दोनच पातळ्यांत, वरवर अनियमित उड्या मारणारा) वापरा, पण कामाच्या वेगाभोवती: सरासरी १.९ व्होल्ट, वरखाली अर्धा व्होल्ट. त्यामुळे वेग साधारण ३० ते १७० आरपीएममध्ये राहतो आणि शून्याला शिवत नाही. शून्य ओलांडलंत की घर्षणाची दिशा उलटते आणि रेषीय भागाची सगळी माहिती गढूळ होते. ४९ मिलिसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटला घड्याळ (एका टप्प्याचा वेळ) २० मिलिसेकंदांचं ठेवा, सिग्नल तयार करणारं रजिस्टर नऊ बिटांचं. एक आवर्तन ५११ टप्प्यांचं, म्हणजे दहा सेकंद. सगळ्यात लांब पल्स १८० मिलिसेकंदांची, टाइम कॉन्स्टंटच्या साडेतीन पटींहून जास्त, त्यामुळे गेनही नीट दिसतो. चार-पाच आवर्तनं लागोपाठ चालवा. पहिलं टाकून द्या. उरलेली एकमेकांवर ठेवा: जे सगळ्यांत सारखं आहे ती मोटर, जे दरवेळी वेगळं आहे तो आवाज. मॉडेलची चूक या आवाजाच्या पातळीला आली की थांबायचं, त्यापुढे पॅरामीटर वाढवणं म्हणजे आवाज पाठ करणं.

तपमान विसरू नका, आपल्या गावात तर मुळीच नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. फेराइट चुंबक दर अंशाला ०.२ टक्क्यांच्या आसपास ढिला पडतो. थंडीतल्या सकाळी २५ अंशांना तुम्ही मॉडेल काढलं आणि मे महिन्यात शेडमध्ये ४२ अंश असताना, मागाखाली कोंडलेल्या मोटरचं वाइंडिंग ७० आणि चुंबक ६० अंशांवर गेलं, असं धरा. रोध होतो ०.९४ ओहम, स्थिरांक ०.०६५. यांत्रिक टाइम कॉन्स्टंट म्हणजे जडत्व गुणिले रोध भागिले स्थिरांकाचा वर्ग, तो ४९ वरून ६७ वर जातो. मोटर तीच, मॉडेल सुमारे पस्तीस टक्क्यांनी वेगळं. शिवाय गिअरबॉक्समधलं ग्रीस पातळ होऊन घर्षण कमी झालेलं असतं. म्हणून दोन नोंदी घ्या: एक सकाळी माग सुरू करताना, एक दुपारी तीनच्या सुमाराला. कंट्रोलर दोन्ही मॉडेलांवर तपासा. बॉडीला एक थर्मिस्टर (तपमानाचा सेन्सर) चिकटवून त्याचा आकडाही नोंदीत ठेवा.

आता तुमचा दुसरा त्रास, भरलेला बीम. इथे दोन गोष्टी एकदम बदलतात आणि दोन्ही एकाच बाजूला ढकलतात.

पहिली गेन. मोटर एक फेरा फिरली की किती सूत सुटणार हे बीमच्या त्रिज्येवर ठरतं. १० सेंटिमीटरवरून ४० वर गेलात की मोटरच्या तेवढ्याच वेगाला चौपट सूत. ताण हा ‘कापड ओढतंय किती आणि बीम सोडतोय किती’ या फरकाची साठत जाणारी बेरीज असतो, म्हणजे लूपमध्ये आधीच एक इंटिग्रेटर आहे, आणि त्याचा गेन चौपट झाला. दुसरी गोष्ट जडत्व. ४० सेंटिमीटर त्रिज्येचा, ४०० किलो सुताचा बीम ढोबळपणे ३२ किलोग्रॅम-चौरस मीटर. मोटरकडे येताना त्याला २०० च्या वर्गाने, म्हणजे ४०,००० ने भागायचं: ०.०००८. मोटरचं स्वतःचं ०.०००३ होतं, एकूण झालं ०.००११. टाइम कॉन्स्टंट ४९ चा १८० मिलिसेकंद. गेन चौपट आणि उशीर जवळजवळ चौपट; रिकाम्या बीमवर बसवलेला पीआय यावर झुलला नसता तरच आश्चर्य.

म्हणून भरलेल्या, अर्ध्या आणि संपत आलेल्या अशा तीन बीमांवर मागावरच मॉडेल काढा. भरलेल्या बीमला घड्याळ ६० मिलिसेकंदांचं घ्या, नाहीतर सगळ्यात लांब पल्सही अपुरी पडते. वर्म गिअरचं घर्षण धाग्यांच्या ताणावरही अवलंबून असतं, त्यामुळे टेबलावरचा घर्षणाचा आकडा इथे बदललेला दिसेल. तोच वापरा.

मागावर मोजताना लूप उघडता येत नाही. कंट्रोलर बंद केलात तर पाच मिनिटांत धागे तुटतील आणि जॉबर (मागांचा मुकादम) तुम्हाला शेडमध्ये पुन्हा पाय ठेवू देणार नाही. लूप चालू ठेवूनच काम करायचं. इथे एक सापळा आहे. नुसतं शांतपणे चालू असलेल्या लूपचं व्होल्टेज आणि ताण नोंदवून त्यावर मॉडेल बसवलं, तर सॉफ्टवेअर तुम्हाला मोटरचं मॉडेल न देता तुमच्याच कंट्रोलरचं व्यस्त, उलट्या चिन्हाचं, देऊ शकतं. कारण त्या नोंदीत ताणातल्या आवाजाला कंट्रोलर उत्तर देतोय, एवढंच नातं भरलेलं असतं. बाहेरून काहीतरी घालावं लागतं. कंट्रोलरच्या आउटपुटमध्ये तुमचा छोटा बायनरी सिग्नल मिळवा आणि मोटरच्या टोकांवर प्रत्यक्ष पोचलेलं एकूण व्होल्टेज नोंदवा. कुठेही मर्यादा लागत नाही ना, हे बघा. मर्यादेत गेलेला तुकडा सरळ कापून टाका.

मागाचा स्वतःचा ठेकाही ताणात येतो. ३०० पिकला सेकंदाला पाच वेळा शेड (आडवा धागा जायला उभ्या धाग्यांत पडणारी फट) उघडते. तीन पिकच्या टेरीत (फासांच्या टॉवेलची वीण) दोन पिक सैल आणि तिसऱ्याला फणीचा पूर्ण ठोका, त्यामुळे १.६७ हर्ट्झचा आणखी एक ठेका. हे दोन्ही अगदी तुमच्या मोटरच्या कामाच्या पट्ट्यात बसतात. मुख्य शाफ्टवरचा प्रॉक्सिमिटी सेन्सर सोबत नोंदवा, तीन-तीन पिकच्या चक्राची सरासरी काढा आणि ती ताणातून वजा करा. उरलेल्यावर मॉडेल बसवा. हे न करता बसवलेल्या मॉडेलात हमखास एक खोटा रेझोनन्स (एका ठरावीक ठेक्याला वाढणारं कंपन) येतो आणि लोक तो दाबायला नॉच फिल्टर (तेवढाच ठेका कापणारा) लावतात. मोटर आणि गिअरबॉक्समधलं कपलिंग रबरी असेल तर खरा रेझोनन्सही असू शकतो, तो स्वीप साइनने (हळूहळू ठेका वाढवत नेलेल्या लहरीने) वेगळा शोधा. मागाचा वेग बदलल्यावर जो शिखरबिंदू सरकतो तो मागाचा, जो जागेवर राहतो तो कपलिंगचा.

या शास्त्राचा बराचसा भाग अशाच कारखान्यांतून आला आहे. लीस्ट स्क्वेअर्स लजांद्रने १८०५ मध्ये आणि गाऊसने १८०९ मध्ये ग्रहगोलांच्या कक्षांसाठी छापलं. पण आवाजाचं वेगळं मॉडेल धरून पॅरामीटर काढायची जी रीत आज सगळ्या टूलबॉक्समध्ये असते, ती ऑस्ट्रम आणि बोहलिन या स्वीडिश संशोधकांनी १९६५ मध्ये मांडली. ऑस्ट्रम तेव्हा स्वीडनमधल्या बिलेरूड कागद गिरणीच्या संगणक-नियंत्रणावर काम करत होते. चालू यंत्र, बंद न करता येणारा लूप, आवाजाने भरलेल्या नोंदी. कागदाच्या जागी पाइलचं सूत ठेवलं की तुमचाच प्रश्न.

मॉडेल मिळाल्यावर कंट्रोलरमध्ये दोन बदल करा, ट्यूनिंगच्या आधी. एक, लागणारा मोटरवेग मागाच्या पिक आणि बीमच्या त्रिज्येवरून आधीच काढून फीडफॉरवर्ड (ताणातल्या चुकीची वाट न बघता) द्या, आणि त्यात मोजलेल्या कोरड्या घर्षणाचं व्होल्टेज मिळवा. पीआयकडे फक्त उरलेली दुरुस्ती राहते, मोटर सतत फिरती राहते आणि चिकटण्याची वेळच येत नाही. दोन, पीआयचं आउटपुट त्रिज्येने भागा, म्हणजे लूपचा गेन बीमभर सारखा राहतो. त्रिज्येसाठी वेगळा सेन्सर लागत नाही. हजार पिकमध्ये पाइलचं सूत किती गेलं हे पिकची घनता आणि पाइलचं प्रमाण यावरून माहीत असतं, तेवढ्यात मोटरचे काउंट किती झाले ते मोजा, भागाकारातून त्रिज्या येते. जडत्वाचा बदल यानेही उरतोच. तो सोसण्यासाठी पीआय भरलेल्या बीमच्या १८० मिलिसेकंदांच्या मॉडेलवर बसवा आणि संपत आलेल्या बीमवर तपासा. तुम्ही नेमकं उलट केलंत.

न्यूरल नेटवर्कबद्दल: वरचं सगळं करून, सिम्युलेशनमधली उरलेली चूक वेगासमोर आणि शाफ्टच्या कोनासमोर मांडा. वर्मच्या प्रत्येक फेऱ्याला तेच तेच उंचवटे दिसले तर गिअरच्या घर्षणाचा कोनाप्रमाणे बदलणारा नकाशा हवाय, त्याला छत्तीस खणांचा एक तक्ता पुरतो. त्यातही न बसणारं काही उरलं तर तेवढ्या उरलेल्या भागाला नेटवर्क लावा, पूर्ण मोटरला नको. मुख्य शाफ्टचा पल्स, टोकांवरचं व्होल्टेज, बसचं व्होल्टेज, प्रवाह, कच्चे काउंट, लोड सेल (ताण मोजणारा सेन्सर) आणि बॉडीचं तपमान एकाच घड्याळावर नोंदवलेली एक फाइल तयार झाली की पुन्हा विचारा. त्यावर पुढचं नेमकं बोलता येईल.